चाहत्यांच्या व्हिडिओंवर गाणं गाजतंय, रिपोर्टमध्ये मात्र शून्य

गणपतीत गाणं वाजतं आणि दिवाळी उलटली की मला फोन सुरू होतात. यंदाचा पहिला फोन असा होता: "दादा, आपलं गाणं अख्ख्या जिल्ह्यात वाजलं. मिरवणुकीचे व्हिडिओ बघा, एकेकाला चार-चार लाख व्ह्यू आहेत. आणि आपल्याला आले किती माहितीये? त्रेपन्न रुपये!"

दरवर्षी आकडा बदलतो, रडगाणं तेच असतं. फोन करणारा कधी बेंजो पार्टीतला कीबोर्डवाला असतो, कधी इंजिनिअरिंग अर्धवट सोडून रॅप करणारा पोरगा, तर कधी आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे काका. माझा सांगलीत छोटा स्टुडिओ आहे. रेकॉर्डिंग करता करता गाणी डिस्ट्रिब्युटरकडे (म्हणजे गाणी स्पॉटिफाय, यूट्यूबसारख्या ठिकाणी पोचवून पैसे आणून देणाऱ्या कंपनीकडे) चढवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकू. "यूट्यूब आपले पैसे खातं" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. दुसऱ्याने केलेल्या व्हिडिओत तुमचं गाणं वाजलं तर त्याच्या जाहिरातीचे पैसे तुम्हाला द्यायची सोय यूट्यूबने २००७ मध्येच केली. तिचं नाव कंटेंट आयडी. तुमच्या गाण्याची एक प्रत यंत्राकडे ठेवलेली असते, जगात कोणीही व्हिडिओ चढवला की यंत्र त्याचा आवाज या प्रतीशी ताडून बघतं, आणि जुळला की तुमच्या नावाने क्लेम, म्हणजे मालकीचा दावा, लागतो. पुढे मालकाला तीन वाटा असतात: व्हिडिओ अडवायचा, नुसती मोजदाद ठेवायची, किंवा जाहिरात लावून पैसे घ्यायचे. नव्वद टक्क्यांहून जास्त क्लेममध्ये मालक तिसरी वाट धरतात. २०२४ संपेपर्यंत या मार्गाने हक्कदारांना दिलेली रक्कम यूट्यूबच्याच हिशेबाने १२०० कोटी डॉलरवर गेली होती. २०२२ साली त्यांनी असंही सांगितलं की संगीतावर ते जे पैसे वाटतात त्यातले तीस टक्क्यांहून जास्त हे अशा लोकांनी बनवलेल्या व्हिडिओंमधून येतात.

म्हणजे पैसा आहे. मधल्या पायपात कुठेतरी गळती आहे, ती शोधायची.

आधी ही चाचणी करा

फोन करण्याआधी एवढं करा. दहा मिनिटांचं काम आहे. स्वतःचं सोडून दुसरं कुठलंही चॅनल घ्या. भावाचं, बायकोचं, रिकामं असलं तरी चालतं. खिडकीबाहेरचा रस्ता मोबाईलवर दोन मिनिटं शूट करा, त्याखाली गाण्याची फायनल फाइल लावा आणि तो व्हिडिओ खाजगी ठेवून चढवायला घ्या. अपलोड करताना तिसऱ्या टप्प्यावर यूट्यूब 'तपासणी' करतं. तिथे थांबा, घाई करू नका. कॉपीराइटच्या ओळीपुढे हिरवी खूण आली तर यंत्राला काहीच सापडलेलं नाही. काही सापडलं असेल तर तपशील उघडा: गाण्याचं नाव, कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत जुळलं, आणि क्लेम कोणाचा, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

याचे निकाल तीनच: काहीच सापडलं नाही, आपल्या डिस्ट्रिब्युटरचं नाव आलं, किंवा तिसऱ्याच कोणाचं तरी नाव आलं. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढे लागतो.

काहीच सापडलं नाही तर

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दहातली सहा प्रकरणं इथेच निकाली निघतात. लोकांना वाटतं, गाणं स्पॉटिफायवर आणि यूट्यूब म्युझिकवर आलं म्हणजे सगळं झालं. तसं नसतं. गाणं दुकानात ठेवणं वेगळं आणि कंटेंट आयडीत घालणं वेगळं. बहुतेक डिस्ट्रिब्युटरांच्या फॉर्मवर त्यासाठी वेगळा चौकोन असतो, तो आपणहून टिक करावा लागतो. काही जण गाण्यामागे वर्षाची फी घेतात आणि वर कमाईतले २० टक्के कापतात, काही फी न घेता २० ते ३० टक्के कापतात. यूट्यूबकडून थेट कंटेंट आयडी मिळवायला गाण्यांचा मोठा साठा लागतो. आपल्यासारख्या चार-सहा गाणीवाल्याला तो दरवाजा बंद आहे, मधला माणूस धरावाच लागतो. मात्र यासाठी तुमचं स्वतःचं चॅनल मोनेटाइज झालेलं, म्हणजे जाहिरातीचे पैसे मिळणारं, असावं लागत नाही. हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तासांची अट ही चॅनलवाल्यांची आहे, कंटेंट आयडीच्या पैशांशी तिचा संबंध नाही. हे कळल्यावर दोन जणांनी सबस्क्रायबर विकत घ्यायचा बेत रद्द केला.

चौकोन आज टिक केला म्हणजे उद्या पैसे, असंही नाही. गाणं यंत्रात जायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. जुने व्हिडिओ यंत्र हळूहळू धुंडाळतं, आणि क्लेम लागण्याआधी जे व्ह्यू होऊन गेले त्यांचे पैसे मागे जाऊन मिळत नाहीत. मिरवणुकीचं गाणं म्हटल्यावर पहिले चार दिवसच खरे. म्हणून गाणं नवरात्रात चालवायचं असेल तर हे काम पितृपंधरवड्यातच उरका. त्या पंधरवड्यात नवीन काम नको म्हणणाऱ्यांनी हे जुनं काम समजावं.

चौकोन टिक आहे, चाचणीत गाणं सापडतंय, पण एखाद्या गाजलेल्या व्हिडिओवर क्लेम नाही, असंही होतं. तो व्हिडिओ कान देऊन ऐका. पोरांनी गाणं हळू करून त्यावर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) टाकलेला असतो, नाहीतर वेग वाढवलेला असतो, नाहीतर एखाद्या डीजेने खाली स्वतःची बीट घालून वर तुमचा फक्त मुखडा ठेवलेला असतो. यंत्र तुमच्या ठेवलेल्या प्रतीशी जुळवतं. थोडाफार फरक त्याला ओळखता येतो, पार चेहरा बदलला तर येत नाही. स्टेजवर तुम्हीच लाइव्ह गायलेलं, कोणीतरी गर्दीतून शूट केलेलं, तेही मूळ रेकॉर्डिंग नव्हेच.

यावर उपाय दोन. पहिला सोपा: हळू, जलद, नुसतं वाद्यांचं आणि लाइव्ह, अशी रूपं तुम्ही स्वतःच रिलीज करा. प्रत्येकाला वेगळा आयएसआरसी. हा बारा अक्षरांचा नंबर म्हणजे रेकॉर्डिंगचं आधार कार्ड समजा. पोरं स्लो व्हर्जन शोधणारच आहेत, तर अधिकृत असं तुमच्याच नावावर असलेलं काय वाईट? दुसरा उपाय, व्हिडिओची लिंक आणि नेमका सेकंद कळवून डिस्ट्रिब्युटरकडून हाताने क्लेम लावून घ्यायचा. पण इथे जरा दमाने. २०१९ पासून यूट्यूबचा नियम आहे की अगदी क्षणभर वाजलेल्या किंवा चुकून पार्श्वभूमीला आलेल्या गाण्यावर हाताने क्लेम लावून पैसे घेता येत नाहीत. कोणी वडापावच्या गाडीचा व्हिडिओ केला आणि मागून जाणाऱ्या रिक्षात तुमचं गाणं होतं, तर ते सोडून द्या.

आपलंच नाव आलं, तरी पैसे कमी

हे लवकर सांगतो, कारण यात रहस्य काही नाही. डिस्ट्रिब्युटरचा कमाईचा रिपोर्ट दोन-तीन महिने मागे चालतो, सप्टेंबरच्या मिरवणुकीचे पैसे डिसेंबरच्या आसपास दिसतात. भारतातल्या व्ह्यूला जाहिरातदार जितके मोजतात त्याच्या कितीतरी पट अमेरिकेतल्या व्ह्यूला मोजतात. म्हणून न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात बायकांनी तुमच्या गाण्यावर बसवलेला नाच, व्ह्यू कमी असूनही, रिपोर्टमध्ये वर दिसतो. त्याच पैशांवर कात्रीही लागते: डिस्ट्रिब्युटर अमेरिकन असेल आणि तुम्ही कराचा फॉर्म भरलेला नसेल तर अमेरिकेतल्या कमाईवर ३० टक्के कापले जाऊ शकतात. डब्ल्यू-८बेन फॉर्म नीट भरला तर भारत-अमेरिका करारामुळे रॉयल्टीवर १५. फॉर्मवरचं नाव, पॅनवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकच ठेवा. कलाकार म्हणून लावलेलं टोपणनाव तिथे चालत नाही.

शॉर्ट्सचा हिशेब आणखी वेगळा. १ फेब्रुवारी २०२३ पासून तिथे सगळ्या जाहिरातींचे पैसे एका डेऱ्यात जमा होतात. एखाद्या शॉर्टमध्ये एक गाणं असेल तर त्याच्या वाट्यातला अर्धा भाग संगीताकडे वळतो, दोन गाणी असतील तर दोन तृतीयांश. मग तो डिस्ट्रिब्युटरमार्फत झिरपत येतो. झिरपत हाच शब्द बरोबर आहे.

इन्स्टाग्रामचं दुखणं बहुतेक एकच. चाहत्याने लायब्ररीतून तुमचं गाणं न उचलता एडिटिंग ॲपमध्येच लावलं आणि रील चढवली. खाली 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून त्याचंच नाव येतं. मग त्याच्या रीलवरून पाच हजार जणांनी रील केल्या तरी मोजणी त्याच्या नावाने. बैलगाडा शर्यतीच्या रील बघा, निम्म्यांवर असंच असतं. गाणं मेटाकडे (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीकडे) पाठवायचा चौकोन टिक आहे का बघा, स्टोरीमधून लायब्ररीतली लिंक स्वतः फिरवा आणि मुखडा कुठल्या सेकंदाला सुरू होतो तेही सांगा. पोरं मुखड्यावरच रील करतात, गाण्याच्या सुरुवातीच्या आलापावर नाही. दुकानदारांची बिझनेस अकाउंट असतात, त्यांना सगळी लायब्ररी दिसत नाही, म्हणून साडीवाल्याने "दादा तुमचं गाणं सापडत नाही" म्हटलं तर तो खोटं बोलत नसतो.

तिसऱ्याच कोणाचं तरी नाव

इथे खरी डोकेदुखी आहे, आणि दोष बहुतेक वेळा आपल्याच घरात निघतो.

एक गायक माझ्याकडे आले होते. तुकोबांचे अभंग गातात, चाल स्वतःची, आवाज असा की स्टुडिओत हेडफोन काढून ऐकत बसावं. लोकांनी वारीच्या व्हिडिओंवर त्यांचा एक अभंग लावला होता आणि सगळा क्लेम कुठल्यातरी ध्यानधारणेच्या संगीतवाल्याचा. गायक संतापलेले: "माझा अभंग त्याने चोरला!" आम्ही चाचणी केली. तपशिलात सेकंद पाहिले तर शून्य ते अडतीस. अडतीस सेकंदांपर्यंत अभंग सुरूच होत नव्हता. नुसता तानपुरा होता, मोबाईल ॲपमधला, काळी दोनचा. त्या ध्यानवाल्याने त्याच ॲपचा त्याच पट्टीचा तानपुरा लावून अर्ध्या तासाचं 'शांतिसंगीत' काढलं होतं आणि आमच्या आधी कंटेंट आयडीत घातलं होतं. चोर कोणीच नव्हता, दोघांनी एकाच नळाचं पाणी भरलं होतं.

असला आवाज कंटेंट आयडीत घालायला मुळात परवानगीच नाही. जे तुमच्या एकट्याच्या मालकीचं आहे तेवढंच तिथे चालतं. ॲपचा तानपुरा, तबल्याचं लेहरा ॲप, लूपच्या (आधीच वाजवून ठेवलेल्या तयार तुकड्यांच्या) पॅकमधली हलगी, इंटरनेटवरून पाच-दहा डॉलरला भाड्याने घेतलेली बीट (जी आणखी चाळीस जणांनी घेतलेली असते), कराओके ट्रॅक, कोणीही वापरू शकेल अशी जुनी रेकॉर्डिंग, यातलं काहीच नाही. लूप विकत घेतली असली तरी नाही: वापरायचा परवाना वेगळा आणि एकट्याची मालकी वेगळी. आमच्या अभंगाचा निकाल डिस्ट्रिब्युटरमार्फत पत्रव्यवहार करून लागला. त्या समोरच्याच्या प्रतीतून तो भाग वगळला गेला आणि आम्ही आमच्याही प्रतीतले अडतीस सेकंद कापले. ते कापले नसते तर उद्या रियाझाचे व्हिडिओ टाकणाऱ्या शंभर विद्यार्थ्यांवर आमचा क्लेम लागला असता. असे चुकीचे क्लेम जास्त झाले की डिस्ट्रिब्युटर तुमचं गाणं यंत्रातून काढून टाकतो, आणि त्यात त्याची चूकही नसते.

हे फक्त गल्लीतलं दुखणं आहे असं समजू नका. फेब्रुवारी २०१३ मध्ये जगभर तीस सेकंदांच्या वेड्यावाकड्या नाचांचे हजारो व्हिडिओ आले होते, आठवत असेल. ते 'हार्लेम शेक' नावाचं गाणं बाउर या तेव्हा फारशा कोणाला माहीत नसलेल्या अमेरिकन निर्मात्याचं, मॅड डिसेंट या स्वतंत्र लेबलकडून आधीच्या वर्षी आलेलं. अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांची यादी काढणाऱ्या बिलबोर्डने नेमक्या त्याच दिवसांत यूट्यूबचे व्ह्यू, चाहत्यांच्या व्हिडिओंसकट, आपल्या मुख्य यादीत मोजायला सुरुवात केली आणि गाणं थेट पहिल्या क्रमांकावर आलं. लोकांच्या व्हिडिओंवरून गाणं एवढं वर जाण्याचा तो पहिला मोठा प्रकार. पण त्यातले ज्यांच्यावर सगळे नाचले ते दोन आवाज दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगमधून न विचारता उचललेले होते. दोन्ही मालक पुढे आले, वकील आले, आणि बाउरने त्याच वर्षी मुलाखतीत सांगितलं की या भानगडींमुळे आपल्याला त्या गाण्याचे पैसे बघायला मिळालेले नाहीत. गाणं नंबर एक, आणि निर्माता आपल्या त्रेपन्न रुपयेवाल्याच्या शेजारी उभा.

लूप सोडल्या तर दुसरं कारण म्हणजे माणसं. स्टुडिओवाला, अरेंजर (गाण्यातल्या वाद्यांची मांडणी करणारा), जुना डिस्ट्रिब्युटर, म्युझिक कंपनी. याच क्रमाने शोधा.

अरेंजर स्वतःच्या पोर्टफोलिओसाठी गाणं आपल्या अकाउंटवरून दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे चढवतो, सवयीने कंटेंट आयडीही टिक करतो. मनात पाप नसतं, पण आता एका रेकॉर्डिंगवर दोघांचा दावा आहे आणि तो मिटेपर्यंत पैसे अडकून पडतात. डिस्ट्रिब्युटर बदलतानाही हेच होतं: नवीन ठिकाणी गाणं चढवलं, जुन्या ठिकाणाहून काढलं, पण जुन्याने कंटेंट आयडीतला मालकी हक्क सोडलाच नाही. गाणं दुकानातून काढा आणि कंटेंट आयडीतून सोडा, असं दोन्ही लेखी मागायचं. आयएसआरसी मात्र जुनाच ठेवायचा, रेकॉर्डिंग तेच आहे.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात, कारण स्टुडिओत यावरून आवाज चढतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो. म्हणजे ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. माइक माझा होता म्हणून रेकॉर्डिंग माझं होत नाही. तासाचे पैसे घेतले, विषय संपला. हे मी स्वतः स्टुडिओवाला असून सांगतोय. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो गीतकाराचा आणि संगीतकाराचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीतला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाच्याही नावावर करून देता येत नाही. हा वाटा गोळा करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस, मुंबईची, १९६९ पासूनची. गीत किंवा चाल तुमची असेल तर तिथे सभासद व्हा. कारण कंटेंट आयडीतून डिस्ट्रिब्युटर जे आणतो ते मुख्यतः रेकॉर्डिंगचं असतं, शब्द-चालीचे पैसे दुसऱ्या वाटेने येतात. संतांच्या रचना सगळ्यांच्या, त्यावर कोणाचाच दावा नाही, पण तुमची स्वतःची चाल ती तुमचीच.

म्युझिक कंपनीचं प्रकरण सगळ्यात चिवट. एकरकमी दहा-पंधरा हजार घेऊन पाचशेच्या स्टॅम्पवर 'सर्व हक्क' लिहून दिलेले असतात आणि गाणं गाजल्यावर आठवण होते. रडण्याआधी तो कागद काढून वाचा. हस्तांतर किती वर्षांसाठी हे लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो. कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलेलं नसेल तर फक्त भारत धरतो. आमच्याकडे एका लावणीच्या कागदावर तारीख होती, रक्कम होती, दोन साक्षीदार होते, आणि मुदतीचा पत्ताच नव्हता. सहा वर्षं उलटून गेली होती. वकिलाच्या एका पत्रावर काम झालं. पण कागदावर 'कायमस्वरूपी आणि संपूर्ण जगासाठी' लिहिलेलं असेल तर ते गाणं विसरा आणि पुढचं करा.

आता वाद घालायचा कसा. चाहत्याच्या व्हिडिओवर लागलेल्या परक्या क्लेमला तुम्ही थेट आव्हान देऊ शकत नाही, ते व्हिडिओ चढवणाऱ्यालाच करता येतं. म्हणून चाहत्यांना कामाला लावू नका, एकेक व्हिडिओ सोडवत बसाल तर पुढचे गणपती येतील. मूळ मालकीचाच वाद आपल्या डिस्ट्रिब्युटरमार्फत उभा करा. चाचणीचा स्क्रीनशॉट, आयएसआरसी, रिलीजची तारीख, प्रोजेक्ट फाइल उघडून सुटे ट्रॅक दिसतील असा एक फोटो, आणि कलाकारांशी केलेला कागद, एवढं एकाच मेलमध्ये पाठवा. तुटक-तुटक पाठवलं की प्रत्येक वेळी नवा माणूस उत्तर देतो. "कृपया आमचे पैसे द्या" एवढंच लिहिलेले मेल मी पाहिलेत. त्याला उत्तरही तसंच येतं.

तुमच्या स्वतःच्या चॅनलवर परका क्लेम लागला तर मात्र तुम्हीच आव्हान द्या, आणि पाच दिवसांच्या आत द्या. तसं केलं तर क्लेमच्या पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला ठेवले जातात. उशीर केला तर आव्हानाच्या दिवसापासूनचेच. समोरच्याला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, नाही दिलं तर क्लेम आपोआप सुटतो. त्याने नकार दिला तर अपील, तिथे त्याला सात दिवस.

आणि स्वतःच्या चॅनलवर स्वतःच्याच डिस्ट्रिब्युटरचा क्लेम आला तर घाबरून आव्हान देऊ नका. तो आपलाच माणूस आहे, फक्त त्याला आपलं घर ओळखू येत नाही. चॅनल आयडी त्याला कळवा (यूसी या अक्षरांनी सुरू होणारी चोवीस अक्षरं, चॅनलचं नाव नव्हे) आणि हे चॅनल वगळा म्हणून सांगा. दोन दिवसांत काम होतं.

चाहते चिडले तर

क्लेम लागला की लग्नाच्या शूटिंगवाल्यांचा पहिला मेसेज येतो: "आमच्या चॅनलला स्ट्राइक दिलीत, आता तुमचं गाणं कधी लावणार नाही." त्यांचं चुकतंय, पण भीती खरी आहे. क्लेम आणि स्ट्राइक या दोन गोष्टी आहेत. क्लेमने चॅनलला धक्का लागत नाही, फक्त त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे गाणंवाल्याकडे जातात. स्ट्राइक व्हिडिओ काढून टाकायची नोटीस दिल्यावर लागते, आणि नव्वद दिवसांत तीन झाल्या तर चॅनल जाऊ शकतं. क्लेमसोबत व्हिडिओ 'अडवा' असा पर्याय निवडला असेल तर स्ट्राइक लागत नाही, पण व्हिडिओ दिसायचा बंद होतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरकडे तो निवडलेला नाही ना, हे एकदा बघून घ्या. एका मंडळाचा ढोल-ताशाचा व्हिडिओ आमच्याच चुकीच्या टिकमुळे विसर्जनाच्या रात्री उडाला होता. अध्यक्षांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी आता गाण्याच्या वर्णनातच पहिल्या ओळीत लिहून ठेवतो: "व्हिडिओत गाणं खुशाल वापरा. क्लेम येईल, तो आमचाच आहे, स्ट्राइक नाही, आव्हान देऊ नका." त्यानंतर भांडणं निम्म्यावर आली. एखाद्याचं चॅनल मोनेटाइज असेल, तो सातत्याने तुमची गाणी लावत असेल, गडकिल्ल्यांचे ड्रोन व्हिडिओ करणारे असतात तसा, तर त्याच्या एखाद्या व्हिडिओवरचा क्लेम सोडायला सांगा. शंभर रुपये जातील. तो पुढच्या गाण्याला वर्षभर फिरवेल.

कागद

गाणं रेकॉर्ड व्हायच्या आधी, चहा येईपर्यंत, मी आता एक पान भरून घेतो. निर्माता कोण, गीत कोणाचं, चाल कोणाची, अरेंजरला एकरकमी की टक्के, कंटेंट आयडीत गाणं कोण एकटा घालणार, आणि बाहेरून आणलेली लूप किंवा बीट कुठली. शेवटचा रकाना बहुतेक जण आधी रिकामा सोडतात. मग मी ट्रॅक एकेक करून सोलो वाजवायला सांगतो आणि हलगी वाजली की विचारतो, ही कोणी वाजवली? शांतता पसरते. लूप निघाली तर दोन पर्याय: खरा हलगीवाला बोलवा, नाहीतर या गाण्यापुरता कंटेंट आयडीचा चौकोन मोकळा ठेवा. आमच्या भागात हलगीवाल्यांना तोटा नाही, दोन तासांत काम होतं आणि वाजतंही दणक्यात.

त्या त्रेपन्न रुपयेवाल्याची चाचणी केली तर क्लेम त्याच्याच अरेंजरच्या नावावर निघाला, दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून. दोघे लहानपणापासूनचे मित्र. अरेंजरने माझ्यासमोर अकाउंट उघडलं, तर त्यात तीन महिन्यांची रक्कम तशीच पडून होती, कारण त्याने कराचा फॉर्म भरलेला नव्हता आणि रिपोर्ट कधी उघडलेलाच नव्हता. ती त्यांनी वाटून घ्यायचं ठरवलं, गाणं एका नावावर आणलं. आता राहिला चार लाखवाला व्हिडिओ: त्यावर क्लेम नाही, कारण त्यात गाणं नाहीच, एका डीजेचा रिमिक्स आहे. डीजे निम्मे मागतोय, हा चाळीसच्या वर जायला तयार नाही. परवा दोघे पुन्हा स्टुडिओत बसणार आहेत.